कुंपणावरच्या रानद्राक्षाची जात कशी ओळखायची?

न्यू जर्सीत घरामागच्या कुंपणावर चढलेली वेल कोणत्या द्राक्षाची आणि तिचे मणी खायचे का, असं तुम्ही विचारलंय. फोटोत पानाची फक्त वरची बाजू दिसते. तेवढ्यावरून जात सांगता येत नाही, कारण एकाच रानवेलीवर एक पान खोल कातरलेलं असतं, तर दुसरं जवळजवळ सलग.

आधी खाण्याचं. तिकडे मूनसीड नावाची विषारी वेल असते आणि तिचे काळपट घड थेट द्राक्षासारखे दिसतात. तिला ताणे (आधाराला गुंडाळणारे दोऱ्यासारखे फुटवे) नसतात आणि पानाची कड दातेरी नसते. मणी फोडला की चंद्रकोरीसारखी एकच चपटी बी निघते. ही खात्री होईपर्यंत मुलांना तिथे हात लावू देऊ नका.

आता गेल्या वर्षीची एक काडी घ्या आणि पेरावर उभी चिरा. गाभा तपकिरी हवा, आणि पेरापाशी तो लाकडी पडद्याने तुटलेला हवा. गाभा पांढरा निघाला आणि खोडाची साल सुटत नसेल, तर ती पोर्सिलेन बेरी, द्राक्ष नव्हे.

द्राक्षच असेल तर कोवळ्या फुटीवरचे ताणे बघत जा. ओळीने प्रत्येक पानासमोर ताणा किंवा घड असेल तर ती लाब्रुस्का. तिच्या पानाखाली बोटाला जाणवेल अशी दाट, पांढरट ते तांबूस लव असते, आणि पिकलेल्या घडाचा वास लांबूनच येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये इफ्रेम बुल यांनी 1849 मध्ये काढलेलं कॉन्कर्ड हे द्राक्षाचं वाण याच कुळातलं. दोन पेरांना ताणा आणि तिसरं पेर रिकामं, असा क्रम असेल तर पान उलटा. खालून निळसर पांढरं आणि तांबूस जाळीदार लव असेल तर एस्टिव्हॅलिस. हिरवं, फक्त शिरांवर लव, दाते लांब टोकदार आणि पेरातला पडदा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असेल तर रिपारिया. पडदा चांगला जाड असेल तर व्हल्पिना.

कधीच घड लागत नसतील तर वेल नर असेल. रानद्राक्षात नर-मादी वेगळे असतात.

जात कोणतीही निघो, उपटून टाकू नका. आपल्या नाशिक-सांगलीच्या बऱ्याच बागा ज्या डॉगरिज खुंटावर (कलमाच्या खालच्या, मुळांच्या भागावर) उभ्या आहेत, तोही टेक्सासच्या रानद्राक्षातूनच आलेला.

पानाच्या खालच्या बाजूचा आणि चिरलेल्या काडीचा फोटो टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.