टायर घेतोस? आधी गाडीचं वजन आणि आपली माती बघ

भाऊ, तुझी गाडी दोन टनांच्या वर, त्यात माणसं आणि सामान. म्हणून नक्षी नंतर बघ, आधी टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स वाच. हा आकडा एक टायर किती वजन पेलतो ते सांगतो: ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११५ म्हणजे १,२१५. गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा कमी आकडा अजिबात घेऊ नको.

आता माती. नागपूरजवळच्या उमरेडकडच्या एका पांदण रस्त्यावर जुलैत माझी गाडी फसली होती. वीस पावलांत ऑल-टेरेनच्या, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरच्या, सगळ्या खाचा काळ्या चिखलानं भरल्या, टायर सारवलेल्या चुलीसारखा गुळगुळीत. चाक नुसतं जागीच फिरत होतं. शेवटी ट्रॅक्टरनं ओढली. मड-टेरेनच्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या, रुंद खाचा चाक फिरताना तो चिखल फेकून देतात, हे खरं. पण तोच टायर डांबरावर घुमतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. तू आठवडाभर वर्धा रोडवर आणि कधीमधी रामटेक-पेंचकडे जाणारा. ऑल-टेरेनच घे, फक्त पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या मातीत शिरू नको.

कच्च्यावर हवा थोडी कमी कर, पण डांबरावर येताच भर. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, कमी हवेचा टायर तापून फुटतो. छोटा कंप्रेसर गाडीतच ठेव.

आणि दुकानात बाजूवरचे चार आकडे बघ: ती टायर बनल्याची तारीख, १८२५ म्हणजे २०२५ चा १८ वा आठवडा. जुना माल असेल तर सरळ परत कर.