आईचे अभंग घरी रेकॉर्ड करायचेत? आधी पंखा बंद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 71, तिच्या आवाजात 10-12 अभंग आणि गवळणी नीट रेकॉर्ड करून ठेवायच्यात. पेटीवर मामा, तबल्यावर शेजारचा मुलगा. हाताशी 8 जीबीचा विंडोज लॅपटॉप, खिशात 5000 रुपये. आणि विचारलंय काय, तर फुकटातलं सर्वांत चांगलं सॉफ्टवेअर कोणतं.

ऑडॅसिटी. आजच उतरवून घ्या आणि हा विषय इथेच मिटवा. ते 2000 सालापासून आहे, मुक्त आहे (म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला), तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल आणि तुम्हाला लागणारं सगळं त्यात आहे. पुढच्या आठवड्यात कुणीतरी सांगेल एलएमएमएस घ्या. तेही मुक्त आणि छान आहे, पण ते संगणकावर संगीत रचण्यासाठी आहे. माइकवरून थेट रेकॉर्डिंग त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत होत नाही, आणि हे लोकांना दोन दिवस डोकं आपटल्यावर कळतं. आर्डर ताकदीचं आहे, पण त्याचा सोर्स कोड तेवढा फुकट. विंडोजसाठी तयार प्रोग्रॅम हवा तर थोडे पैसे मोजावे लागतात. रीपर 60 दिवस वापरून बघता येतं, पुढे परवाना घ्यायचा असतो. 'कुणी अडवत नाही' म्हणून वर्षानुवर्षं तसंच वापरणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही. केकवॉक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं उदाहरण लक्षात ठेवा: 2017 मध्ये काम थांबलं, 2018 मध्ये नव्या मालकाने ते फुकट वाटलं, नंतर पुन्हा नाव आणि नियम बदलले. फुकट आणि मुक्त यांतला फरक अशा वेळी कळतो.

आता खरा मुद्दा. तुमच्या रेकॉर्डिंगचा दर्जा सॉफ्टवेअर ठरवणार नाही. कोण कुठे बसलंय, माइक किती लांब आहे आणि खोली कशी वाजतेय, यावर ते ठरेल. 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा माइक नव्हता, मिक्सर नव्हता, होता फक्त एक भोंगा. आवाज मोठा हवा तर भोंग्याजवळ सरका, साथ कमी हवी तर तिला मागे बसवा. विजेवर चालणारे माइक 1925 च्या सुमारास आले, तोवर जगभर हीच पद्धत. तुम्हीही तेच करा. एकच माइक, आणि माणसं हलवून मिक्सिंग.

माइकबद्दल. या पैशांत हेडफोनची खोबण असलेला यूएसबी कंडेन्सर माइक बघा, एकाच दिशेने ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड. ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करतं, त्यामुळे 'दोन यूएसबी माइक घेतो, एक आईला एक पेटीला' हा बेत डोक्यातून काढून टाका. बाजारात स्टँड, फोम आणि वायरीसकट कंडेन्सर माइकचे स्वस्त संच मिळतात, त्यांपासून सांभाळून. त्यांची पिन थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जाते. अशा कंडेन्सरला सहसा 48 व्होल्टचा पुरवठा लागतो (यूएसबी माइक आपली वीज यूएसबीतूनच घेतो), लॅपटॉपच्या त्या भोकातून जेमतेम काही व्होल्ट मिळतात. मग आवाज इतका बारीक येतो की वाढवला की नुसती खरखर. माझ्या माळ्यावर असा एक संच आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

हेडफोन वायरचा घ्या, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथ नको. आवाज उशिरा पोचतो आणि त्याचाच माइक सुरू झाला तर दर्जा फोनकॉलसारखा होतो.

आता खोली. हॉल नको, बेडरूम घ्या. कपड्यांनी भरलेलं कपाट, गादी, पडदे, हे तुमचं ध्वनिशोषण. आईच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा. माइक आईकडे बघतो, म्हणजे तिच्या मागच्या भिंतीकडेही बघतो. तिथून परतणारा आवाज मारायचा. लोक माइकच्या मागे फोम चिकटवत बसतात आणि समोर गुळगुळीत भिंत तशीच सोडतात. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा कोपऱ्यात आईला बसवू नका, तिथे खालचे सूर विचित्र फुगतात किंवा दबतात.

पंखा बंद. फ्रीजही बंद. फ्रीज बंद केला की मी स्कूटरची किल्ली त्यात ठेवतो, म्हणजे फ्रीज परत चालू न करता घराबाहेर पडताच येत नाही. फोन विमान मोडवर. वेळ दुपारी 2 ते 4 ची बघा, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या असतात आणि मुलं खाली खेळायला उतरलेली नसतात. पहाट मोहक वाटते, पण आमच्याकडे डोंबिवलीत पहाटे पाण्याचा पंप आणि पहिल्या लोकलचा भोंगा, आणि मार्चनंतर कोकिळा. शिवाय 71 व्या वर्षी सकाळी गळा उघडायला वेळ लागतो.

बसण्याची रचना. आई माइकपासून एक वीत ते दीड वीत अंतरावर. माइक तोंडासमोर सरळ नको. थोडा वर, नाकाच्या उंचीला, आणि जरासा बाजूला. तुमच्या यादीतले निम्मे अभंग 'पांडुरंग' नाहीतर 'पंढरी' म्हणणार, आणि प्रत्येक प, भ, फ बरोबर हवेचा झोत माइकवर आपटून 'धप्प' होतं. भरतकामाच्या रिंगेत जुनी नायलॉनची ओढणी ताणून बसवा आणि माइकपुढे चार बोटांवर धरा. दुकानातला पॉप फिल्टर हेच काम करतो.

पेटी माइकच्या पाठीशी, म्हणजे आई आणि मामा समोरासमोर, मध्ये माइक. कार्डिऑइड पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे पेटी दबते पण हरवत नाही. मामांना सांगा भाता सावकाश, आणि शक्यतो सुरांचा एकच संच (एकच स्टॉप) उघडा ठेवा. जुन्या पेटीच्या भात्याचा 'फस्स' आणि पट्ट्यांचा खटखटाट माइकला आवडीने ऐकू येतो. तबला मामांच्याही मागे, माइकपासून सहा-सात फूट. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो, हे गणित डोक्यात ठेवून त्या मुलाला मागेपुढे सरकवा. डग्ग्याचा धक्का जमिनीतून स्टँडमध्ये चढतो, म्हणून स्टँडखाली घडी घातलेली गोधडी. कुणी मावशी टाळ घेऊन आल्या तर त्यांना प्रेमाने पुढच्या खोलीत, दार अर्धं उघडं ठेवून बसवा. थट्टा नाही; टाळाच्या आवाजाची टोकं मीटरवर सगळ्यांच्या वर जातात आणि त्यांना सांभाळताना आईचा आवाज बारीक होतो.

आता मी स्वतः भरलेला दंड. काही वर्षांपूर्वी काकांचं तासभराचं भजन रेकॉर्ड केलं, तानपुरा आणि पेटीसह. घरी येऊन ऐकलं तर तानपुरा सुरुवातीचे दोन सेकंद आहे आणि मग विरून जातो, पेटीचा लांब सूर पाण्याखाली गेल्यासारखा डुचमळतो. माइकला शिव्या घातल्या, वायर बदलली. दोष निघाला लॅपटॉपमधल्या 'गोंगाट कमी करा' सोयीचा. ती ऑनलाइन मीटिंगसाठी असते आणि तिचा नियम साधा: जो आवाज सतत सारखा चालू आहे तो पंखा, त्याला कापा. तानपुरा म्हणजे तिच्या लेखी पंखाच! तेव्हा विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये माइकच्या गुणधर्मांत जाऊन सगळ्या सुधारणा (Audio enhancements) बंद करा, आणि लॅपटॉप कंपनीचं वेगळं ध्वनी अ‍ॅप असेल तर तिथेही. ही एक गोष्ट केलीत तर बाकी उत्तर विसरलात तरी चालेल.

ऑडॅसिटीतली मांडणी पाच मिनिटांची. होस्टमध्ये वसापी (Windows WASAPI) निवडा, रेकॉर्डिंगला तुमचा माइक, चॅनल मोनो. प्रोजेक्टचा दर (सॅम्पल रेट) 44100 किंवा 48000, कोणताही, पण सगळ्या अभंगांना एकच. मग माइकच्या जाळीवर नखाने हळूच खाजवा. मीटर उसळला तर तोच माइक चालू आहे. नाहीतर तुम्ही लॅपटॉपच्या पोटातला माइक निवडलाय आणि हे तीन अभंगांनंतर कळेल. सॉफ्टवेअर प्लेथ्रू बंद ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये आवाज दोनदा येतो. ऐकायचं ते माइकच्याच खोबणीतून.

पातळी ठरवताना आईला सर्वांत वरचा, सर्वांत जोरातला अंतरा गायला सांगा. तो मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास पोचला की पुरे. भरात आल्यावर माणूस तालमीपेक्षा मोठ्याने गातोच, त्यासाठी ती जागा. बारीक रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

मेट्रोनोम लावू नका. अभंगाची लय शेवटाकडे चढते, ती चढलीच पाहिजे. तानपुराही मी रेकॉर्डिंगच्या वेळी लावणार नाही, कारण तो मागे वाजत असेल तर नंतर कुठेही कात्री लावली की तार तुटल्यासारखी कळते. पेटीवरून षड्ज घ्या आणि सुरू करा. तानपुरा नंतर वेगळ्या ट्रॅकवर, हळू आवाजात. मात्र एक खोच आहे. आई काळी 4 मध्ये गाते म्हणून तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये काळी 4 लावली की काम झालं असं नाही. अ‍ॅप बहुधा 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशोबाने चालतं, मामांची पेटी चालेलच असं नाही. पेटीचा षड्ज आणि तानपुरा एकत्र ऐका, सुरात 'वाँव-वाँव' अशी लाट येत असेल तर अ‍ॅपमधले सेंट (सुराच्या उंचीचं बारीक माप) थोडे वर-खाली करा, लाट थांबेपर्यंत.

प्रत्येक वेळी रेकॉर्डचं बटण दाबल्यावर दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. ती रिकामी खोली नंतर कामाला येते. एक अभंग सलग तीनदा, तुकड्यातुकड्यांत नाही. चूक झाली तरी थांबवू नका. नंतर दोन आवृत्त्यांमधलं चांगलं जोडायचं झालं तर जोड अशा जागी द्या जिथे आई थांबलीय आणि फक्त पेटी वाजतेय. लय दोन्हीकडे सारखी नसेल तर जोडू नका, तीनांतली एक पूर्ण निवडा. एका दुपारी तीन अभंग खूप झाले, चौथ्याला गळा सांगतोच.

शाबूत प्रत आधी बाजूला काढा: प्रत्येक अभंग वेव्ह (WAV) फाइल म्हणून निर्यात करून पेनड्राइव्हवर, आणि एक प्रत बहिणीकडे वगैरे. ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल, म्हणजे एयूपी3, आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवून त्यावर काम करू नका.

सफाई कमीत कमी. त्या दहा सेकंदांतून गोंगाटाचा नमुना द्या आणि नॉइज रिडक्शन 6 डेसिबलवर ठेवा. 12, 18 करत गेलात की पेटी पुन्हा पाण्याखाली. फक्त आवाज आणि पेटी असती तर 80 हर्ट्झच्या खालचं कापा म्हटलं असतं. तुमच्याकडे डग्गा त्याच माइकवर आहे, त्यामुळे 40-50 च्या वर जाऊ नका, नाहीतर डग्गा पुठ्ठ्याचा होईल. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावायचा मोह होणारच. जेवढा बरा वाटेल त्याच्या निम्मा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकून अजून थोडा काढा. गाभाऱ्यातून गायल्यासारखं ऐकू आलं की शब्द जातात, आणि अभंगात शब्द गेले तर उरलं काय.

नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तेव्हा ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबवर टाकणार असाल तर शब्द संतांचे असले तरी चाल कुणा संगीतकाराची असू शकते, आणि भारतात तो हक्क निधनानंतर 60 वर्षं टिकतो. तुमच्या आजीकडून आलेल्या पारंपरिक चाली असतील तर प्रश्न नाही. उलट अशा चाली आधी रेकॉर्ड करा, गाजलेल्या नंतर. गाजलेल्या इतरांच्याही आवाजात आहेत.

पहिल्या दुपारनंतर अर्ध्या मिनिटाची वेव्ह फाइल इथे टाका, काहीही सफाई न करता. आई, पेटी आणि तबला माइकपासून किती अंतरावर होते तेही लिहा, म्हणजे कुणाला कुठे सरकवायचं ते सांगता येईल.