१००० यार्डांच्या स्पर्धेसाठी कोणते काडतूस घ्यावे?

पुण्यात बालेवाडीला .२२ रायफलने ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेमबाजी) खेळल्यावर आता अमेरिकेत १००० यार्डांच्या स्पर्धेत उतरायचे आहे, आणि .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर की एखादे ६ मिलिमीटर काडतूस हे ठरत नाही, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ६.५ क्रीडमूर घ्यावे. अपवाद एकच: एफ-टीआर गटात (झोपून, रायफल आधारावर ठेवून खेळायच्या एफ-क्लास स्पर्धेतला एक गट) खेळायचे असेल तर तिथे .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर या दोनच काडतुसांना परवानगी आहे, त्यामुळे निवड नियमानेच होते.

गोळी किती खाली येईल याची काळजी नवे नेमबाज फार करतात, पण अंतर ठाऊक असले की तेवढे क्लिक (नेम वर-खाली करणाऱ्या चकतीचे टप्पे) स्कोपवर, म्हणजे रायफलच्या दुर्बिणीवर, देता येतात. गुण जातात ते वाऱ्यात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा १००० यार्डांवर .३०८ ची १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी साधारण पावणेतीन मीटर ढकलतो, तर ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची लांब, निमुळती गोळी दोन मीटरच्या आसपास सरकते. एफ-क्लासच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे १० इंच व्यासाचे असते, त्यामुळे वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी हा फरक गुणफलकावर दिसतो. १९९७ सालचे .२६० रेमिंग्टनही ताकदीने जवळपास एवढेच आहे; पण त्यात लांब गोळी मॅगझिनमध्ये मावण्यासाठी केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या कवचात) खोल बसवावी लागते, आणि क्रीडमूरची केस मुळातच आखूड ठेवल्यामुळे ती अडचण राहिली नाही.

६ मिलिमीटरचा मोह मला समजतो. धक्का कमी बसतो, त्यामुळे आपली गोळी कुठे लागली हे स्कोपमधून स्वतःला दिसते, आणि पीआरएसमध्ये (प्रिसिजन रायफल सिरीज या स्पर्धामालिकेत) पुढची गोळी सुधारायला याहून मोठी मदत नाही. परंतु ६ मिमी क्रीडमूरची नळी दीड-दोन हजार गोळ्यांतच स्पर्धेच्या कामातून जाते, कारण चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) लगतचा भाग उष्णतेने झिजतो, ६.५ ची नळी अडीच हजारांच्या पुढे टिकते आणि .३०८ ची पाच हजारांपर्यंतही चालते. शिकण्याच्या काळात गोळ्या भरपूर झाडायच्या असतात, म्हणून हा हिशेब मी फार महत्त्वाचा मानतो.

.२२ मध्ये लॉट (एकत्र बनलेल्या काडतुसांची खेप) तपासण्याची जी सवय तुम्हाला लागली असेल, ती इथे अजिबात सोडू नका. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक पडला तर १००० यार्डांवर त्या वर-खाली सात-आठ इंच अंतराने लागतात, म्हणजे नेम अचूक असूनही दहा हुकू शकतो. शिकारीची स्वस्त काडतुसे टाळून दोन-तीन कंपन्यांची १४० ग्रेनच्या आसपासची मॅच (स्पर्धेसाठी बनवलेली) काडतुसे घ्या, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग मोजा आणि जो लॉट सर्वांत एकसारखा निघेल त्याचीच पेटी भरून ठेवा. नळी १:८ ट्विस्टची, म्हणजे आतल्या पिळाचा एक फेरा ८ इंचांत पूर्ण होणारी, असावी.

खरेदीआधी एक गोष्ट मात्र नक्की पाहा. तुम्ही ग्रीन कार्डावर नसून कामाच्या व्हिसावर असाल, तर तिथल्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास एरवी मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे, पण तो आपल्याला लागू होतो का, हे वकिलाकडून लेखी घेतल्याशिवाय काडतुसाचा एक डबाही विकत घेऊ नका.