चढापेक्षा उतार सांभाळ

इलेक्ट्रिक युनिसायकलवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एकचाकी गाडीवर, चढाला सगळेच घाबरतात, पण नवख्याला फसवतो तो उतार. उतारावर मागे झुकून वेग रोखलास की मोटर जनरेटरसारखी चालते आणि वीज बॅटरीत परत येते. डोंगरमाथ्यावरून १०० टक्के चार्जवर निघालास, तर त्या विजेला जागाच नसते. व्होल्टेज चढतं, युनिसायकल बीप करते, तरी रेटलंस तर बंदही पडू शकते. अशा वेळी मी ८० टक्क्यांवरच चार्जर काढतो.

सावकाश, लांब चढावर मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) तापतात, मध्ये थांब. बॅटरी उतरलेली असताना खडा चढ नकोच.

पायवाटेवर गुडघे सैल, नजर लांब. टायरची हवा थोडी कमी कर, फार नको, दगडावर रिम आपटतो. मनगटाचे गार्ड मी एकदाच विसरलो होतो, तेवढं पुरलं.