गाडी कधी बंद पडते, ते आधी सांगा

जुन्या गाड्यांच्या प्रश्नांत एक वाक्य हमखास असतं, "गाडी चालूच होत नाही." पण कधी होत नाही? रात्रभर उभी राहिल्यावर, की पाच किलोमीटर पळून थांबल्यावर? अर्धं दुखणं तिथंच कळतं. या वेळी बहुतेकांनी ते नीट लिहिलंय, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

प्रश्न : वडिलांची पॉइंटवाली चेतक आहे. सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते, पण पाच-सहा किलोमीटर गेलं की मिस मारत बंद पडते. अर्ध्या तासानं पुन्हा ठणठणीत. कार्बोरेटर दोनदा साफ केला, शेवटी नवा टाकला. फरक शून्य. (सातारा)

कार्बोरेटरचे पैसे वाया गेले, असं दिसतंय. तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, ही खोड बहुतेक वेळा करंटची, म्हणजे ठिणगीची असते. प्लगला ठिणगीसाठी जोरदार करंट देणारं तारेचं गुंडाळं म्हणजे कॉइल, तिच्या आतली तार कुठंतरी तुटायला आलेली असते. तापली की ती जागा उघडते, गार झाली की पुन्हा जुळते. पॉइंट म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारी जोडी, आणि तिला जोडलेला छोटा कंडेन्सरही तापल्यावरच दगा देतो. गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत सगळं गार झालेलं असतं, मीटर लावला तर दोन्ही चांगले दिसतात आणि मेकॅनिकचा हात कार्बोरेटरकडे जातो.

म्हणून तपास रस्त्यातच करायचा. बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि दोन मिनिटांत गाडी सुरू झाली, तर झाकणातलं बारीक भोक बुजलंय. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. (हे भोक मीही विसरलोय. एका लँब्रेटाचा कार्बोरेटर तीनदा खोलला, आणि मालक बिचारा चहा पाजत राहिला.) फरक पडला नाही, तर झाकण घट्ट लावा, प्लग काढून पुन्हा त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवा, त्याचे आटे हेडला, म्हणजे इंजिनच्या माथ्याच्या धातूला, टेकवा आणि किक मारा. प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी निळी, जाड, टणक हवी. पिवळी, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर चोर सापडला.

मग मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या, खिडकीतून पॉइंट बघा. पॉइंट उघडताना तिथं ठिणगी उडू न देणं हे कंडेन्सरचं काम. तो गेला की पॉइंट काळे पडतात, जळतात. बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, नंतर कोरा कागद मधून ओढा, तेलाचा अंशही राहू देऊ नका. पॉइंट पूर्ण उघडल्यावरचा गॅप 0.4 मिमी ठेवा. पहिल्यांदा कंडेन्सर बदला, कारण तो स्वस्त. मात्र कुणाच्या कपाटात वीस वर्षं पडून असलेला 'ओरिजिनल' घेऊ नका, तो डबीतच म्हातारा झालेला असतो. तरीही तेच रडगाणं सुरू राहिलं, तर कॉइल.

प्रश्न : बाबांनी जुन्या बुलेटची किक शिकवताना अँपिअर मीटरचा काटा बघायला सांगितलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. (कोल्हापूर)

कारण नसेल सांगितलं, पण रीत अगदी बरोबर शिकवली. किल्ली चालू असताना पॉइंट मिटलेले असतील तर बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि काटा वजा बाजूला सरकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. या बुलेटमध्ये पॉइंट कॉम्प्रेशनचा स्ट्रोक (पिस्टन पेट्रोल-हवेला दाबत वर येतो तो) संपत आला की उघडतात, म्हणजे काटा मध्ये आला की पिस्टन टोकाजवळ पोचला. तिथं थांबून डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, लिव्हर दाबायचा, किक जराशी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा, आणि मग पूर्ण किक. हे न करता अंगातल्या जोरावर किक मारणाऱ्यांच्या पायाचं काय होतं, ते कोल्हापूरकरांना मी काय सांगावं!

काटा वैद्यासारखाही वापरता येतो. दिवे बंद ठेवून किक हळूहळू दाबा. काटा हललाच नाही, तर पॉइंट मिटूनही करंट जात नाही : मळ, सुटलेली वायर किंवा मेलेली बॅटरी. वजावर जाऊन तिथंच बसला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. किल्ली चालू ठेवून चहाला मात्र जाऊ नका. पॉइंट मिटलेले राहिले तर बॅटरी उतरते, कॉइलही तापते.

प्रश्न : गवत कापायचं टू-स्ट्रोक मशीन पावसाळ्यानंतर ठेवून दिलं होतं. आता ढिम्म. (सिंधुदुर्ग)

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, तर सगळं फेकण्याच्या लायकीचं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते कोकणातल्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि पाण्यासकट खाली बसतं. मशीन नेमकं तळाचंच पेट्रोल ओढतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या थरात राहतं, म्हणजे चुकून इंजिन चाललंच तर पिस्टन कोरडा फिरणार.

पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण घालूनही करंट नसेल, तर फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा आणि कॉइलच्या पायांवरचा गंज पॉलिश पेपरनं काढा. कॉइल परत बसवताना ती आणि फ्लायव्हील यांच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळा, गॅप आपोआप बरा येतो. पुढच्या वेळी ठेवण्याआधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

प्रश्न : किल्ली बंद करून काढली तरी मॅग्नेटोवाली स्कूटर चालूच राहते! (नाशिक)

भुताटकी नाही. बुलेटची किल्ली बॅटरीतून कॉइलला करंट देते. तुमची स्कूटर फिरत्या चुंबकातून, म्हणजे मॅग्नेटोतून, करंट स्वतःच बनवते, आणि किल्ली तो मारते, म्हणजे अर्थ करते (इंजिनच्या धातूला जोडून टाकते). त्यामुळे किल्लीची वायर तुटली तर बुलेट सुरू होत नाही आणि तुमची स्कूटर बंद होत नाही. स्विचपासून मॅग्नेटपर्यंतची वायर तपासा, हँडलजवळ जिथं ती वळते तिथं आधी. तोवर बंद करायची असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक दाबा आणि क्लच हळू सोडा.