एक्सेलमधे आकड्यांवर काउंटइफ लावलं की शून्य का येतं?

तुमच्या कॉलममधे पाच आकडी बिल नंबर आहेत, १७ ने सुरू होणारे आणि ० ने संपणारे किती ते मोजायचंय, काउंटइफमधे (अटीत बसणारे सेल मोजणारं फंक्शन) "१७*०" टाकलं तर शून्य आलं, आणि तुम्ही विचारताय की डेटा चुकीचा भरला गेलाय का. नाही. डेटा बरोबर आहे. हे आधी सांगते कारण हाच आरोप मी घरात तीन दिवस ऐकून घेतलाय.

आमची देवगडला हापूसची बाग आहे, वाशीला दलालाकडे माल न देता थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतो, बुकिंगची एक्सेल शीट मी सांभाळते. अक्षय्य तृतीयेच्या आधी टेम्पो ठरवायचा होता, म्हणून पुण्याचे पत्ते किती ते बघायला पिनकोडच्या कॉलमवर "४११*" लावलं. शून्य. मुंबईला भावोजींना फोन केला, ते कॉम्प्युटरवालेच, म्हणाले वहिनी, सेल टेक्स्ट फॉरमॅट करा. केलं. तरी शून्य. मग म्हणाले, "तुम्ही पिनकोड नीट भरलेच नसणार." आणि ते घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर. मामंजी तेवढे म्हणाले, "माका ह्यातला काय समजणा नाय, पण पुण्याच्या पेटयो मी माझ्या हातान भरलंय."

मी रात्री वही घेऊन बसले आणि एकेक पत्ता हाताने मोजला, ८७ भरले. मग सहज एका सेलमधे तोच पिनकोड परत टाइप करून एंटर मारलं, तर कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आला आणि शून्याचा एक झाला! तेव्हा कळलं. स्टार आणि प्रश्नचिन्ह ("इथे काहीही चालेल" अशा खुणा) फक्त टेक्स्टवर चालतात, आकडा आकडा म्हणून साठवलेला असेल तर अशी खूण लावलेलं काउंटइफ त्याच्याकडे बघतच नाही, आणि फॉरमॅट टेक्स्ट केल्याने आधी भरलेले आकडे टेक्स्ट होत नाहीत, ते परत टाकावे लागतात नाहीतर डेटा टॅबमधल्या टेक्स्ट टू कॉलम्समधून काढावे लागतात. म्हणजे चूक भरण्यात नव्हती, सांगण्यात होती.

नंतर मी हे वापरलं, लेफ्ट डावीकडचे आणि राइट उजवीकडचे आकडे काढतं, दोन वजा चिन्हं खरं-खोट्याचं एक-शून्य करतात आणि समप्रॉडक्ट ते मोजतं (नावं आणि आकडे इंग्रजीत टाइप करा): =समप्रॉडक्ट(--(लेफ्ट(सी२:सी५००,३)="४११")). उत्तर ८७. वहीतलेच ८७. तुमच्यासाठी =समप्रॉडक्ट((लेफ्ट(ए२:ए५००,२)="१७")*(राइट(ए२:ए५००,१)="०")). अवतरण चिन्हं विसरू नका, लेफ्ट जे देतं ते टेक्स्ट असतं, त्याची तुलना साध्या १७ शी केलीत तर परत शून्यच येणार. मधला आकडा हवा असेल तर मिड.

माझं स्पष्ट मत, ज्याची बेरीज करायची नाही ते आकडा म्हणून भरूच नये, पिनकोड, फोन, बिल नंबर सगळं पहिल्यापासून टेक्स्ट. पण रकमेच्या कॉलमला हे करू नका हां, टेक्स्ट झालेल्या रकमा सम सोडून देतं आणि टोटल कमी येते. आणि तुमचे काही बिल नंबर शून्याने सुरू होत असतील, ००४१७ असे, तर आकडा म्हणून भरल्यावर ती शून्यं गेलेली असतात, लेफ्टला ती सापडणार नाहीत. रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम नुसते दिसायला असतात, लेफ्ट-मिडसाठी आकडे धरताना ते मोजू नका.

भावोजी अजून म्हणतात की त्यांनी सांगितलेलं बरोबरच होतं, मी अर्धं केलं. फोनवर "परत टाइप करा" हा शब्द त्यांनी काढला नव्हता, माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यांना विचारा. आणि पॅटर्न लावताना आकडे किती घ्यायचे हेही बघावं लागतं. यावर्षी शीट त्यांनी बनवली, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पेट्या मोजायला ४१६ धरला. देवगड ४१६६१३, मालवण ४१६६०६, पण कोल्हापूर शहरही ४१६००१ आणि सांगलीही ४१६ मधेच. घाटावरच्या सगळ्या पेट्या आमच्या जिल्ह्यात धरल्या गेल्या. मी पूर्ण पिनकोड बघून मोजलं, आणि ती शीट आता परत माझ्याकडे आहे.