‘विकृत’ काढाच, आणि ‘प्रौढ’सुद्धा

प्रश्न आमच्या बडोद्यातूनच आला आहे. एक ताई एका संस्थेच्या कर्मचारी-नियमावलीचं मराठी करत आहेत. त्यातल्या एका कलमाचा मसुदा असा: ‘सहमतीने विकृत लैंगिक वर्तन, म्हणजे बीडीएसएम, करणाऱ्या प्रौढ व्यक्तींना त्या कारणावरून नोकरी किंवा बढती नाकारू नये.’ (बीडीएसएम म्हणजे बांधणं, हुकूम देणं-पाळणं, वेदना देणं-घेणं असे आपसात ठरवून केलेले लैंगिक खेळ.) ताईंची शंका एवढीच की इथे ‘सहमती’ बरोबर की ‘संमती’.

ताई, उत्तर ‘संमती’. पण माझी नजर आधी अडकली ती ‘विकृत’वर. हे म्हणजे पाट मांडायचा आणि पान वाढताना टोमणा मारायचा.

‘विकृती’ मुळात वाईट शब्द नाही. विकृती म्हणजे मूळ रूपात झालेला बदल, एवढंच. वेदपठणातल्या जटा, माला, शिखा, घन वगैरे आठ पद्धतींना ‘अष्टविकृती’च म्हणतात, आणि घनपाठी माणूस दारात आला तर आपण उठून उभे राहतो. पण हा बचाव आज चालायचा नाही. ‘विकृत’ म्हटलं की मराठी वाचकाला पुढचा शब्द ‘नराधम’ असा ऐकू येतो. वर्तमानपत्रांनी ती जोडीच लावून दिली आहे. व्युत्पत्ती दाखवून शब्द वापरणाऱ्याचं समाधान होतं, ज्याच्यावर तो पडतो त्याचं नाही.

वैद्यकाचा आधारही आता उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आधीच्या आवृत्तीतली ‘सॅडोमॅसोकिझम’, म्हणजे वेदना देण्याघेण्यातलं लैंगिक सुख, ही नोंद तिच्यात नाही. उरला तो जबरदस्तीचा प्रकार, दुसऱ्याची संमती नसताना त्याला यातना देण्याचा. डेन्मार्कने तर १९९५ मध्येच ही नोंद आपल्या यादीतून काढली होती. म्हणजे डॉक्टरांनी रेघ कृतीपाशी ओढली नाही, संमतीपाशी ओढली. तुमचा मसुदा मात्र संमती आहे असं सांगतो आणि तरीही विकृत म्हणतो.

एकाच गोष्टीला काय म्हणायचं यावर माणसं तुरुंगात गेली आहेत. इंग्लंडमध्ये काही पुरुषांनी आपसात, राजीखुशीने केलेल्या अशा कृत्यांचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांच्यापैकी कोणाचीच तक्रार नव्हती. १९९३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम झाली. बहुमताने त्याला हिंसा म्हटलं. अल्पमतातले न्यायाधीश लॉर्ड मस्टिल म्हणाले की हा खटला मुळात खासगी लैंगिक संबंधांचा आहे, हिंसेचा नाही. पुढे १९९७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही इंग्लंडचीच बाजू उचलून धरली.

आपल्याकडे बीडीएसएमवर थेट कायदा नाही, कुठल्या अधिनियमात हा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा खासगीपणाच्या हक्काचा २०१७ चा निकाल आणि समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढणारा, जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ वरचा २०१८ चा निकाल बंद दाराआड डोकावणाऱ्या सरकारी हाताला अडवतात. खासगी मालकाने कुणाला याच कारणावरून घरी बसवलं, तर त्याचा हात धरणारा खास कायदा नाही. म्हणून तर तुमच्या संस्थेचं हे कलम मोलाचं, आणि म्हणून त्यातल्या एकेका शब्दाशी माझी हुज्जत.

आता ‘सहमती’. मराठीत सहमती म्हणजे एकमत. अंदाजपत्रकावर सहमती होते, जागावाटपावर होते. संमती ही एकेकाची, स्वतःच्या शरीरापुरती, स्वतः द्यायची. १८९१ च्या ‘संमतिवया’च्या कायद्यावरून झालेल्या वादात हा शब्द मराठीत कायमचा रुळला. ‘परवानगी’ नको, तिच्यात वरचा आणि खालचा येतो.

आमचे काका रावपुऱ्यात दस्त लिहीत. खरेदीखताच्या शेवटी त्यांचा ठरलेला मजकूर असे: ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्या दाबदडपणाशिवाय लिहून दिले.’ गुजराती दस्त असला तर ‘राजीखुशीथी, अक्कलहोशियारीथी’. कायद्याला संमतीत जे हवं ते जवळपास सगळं या ओळीत आहे. भीतीपोटी, गैरसमजातून किंवा काही कळणार नाही इतक्या नशेत दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २८ सांगतं. कलम २५ मध्ये तर दोघांनी मौजेखातर पटेबाजी खेळायचं ठरवल्याचं उदाहरण आहे: नियमाने खेळताना लागलं तर गुन्हा नाही, मात्र गंभीर दुखापतीला ही सूट नाही. दांडियाबाजारात जुम्मादादांच्या आखाड्यात लाठी फिरवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

काकांच्या ओळीत एकच उणीव. दस्त नोंदला की मागे घेता येत नाही. ही संमती मध्येच, कुठल्याही क्षणी मागे घेता येते. त्यासाठी बीडीएसएमवाले आधीच एक शब्द ठरवून ठेवतात, त्याला सेफवर्ड म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ‘लाल’ म्हटलं की सगळं थांबतं, ‘पिवळा’ म्हटलं की जरा सबुरीनं. याला मराठी प्रतिशब्द कशाला शोधायचा? वाड्यात पकडापकडी खेळताना आपण ‘टाइम प्लीज’ ओरडायचो आणि राज्य असलेला गडी हात लांबवलेला तसाच थांबायचा, ते हेच.

बीडीएसएमला तरी मराठी शब्द हवा का? कोशांच्या वळणाचा ‘परपीडन’ मला पटत नाही. मराठीत पीडा कुणालाच हवी नसते. बळीचं राज्य मागतानाही आपण आधी ‘इडापिडा टळो’ म्हणतो. जी मागून घेतली ती पीडा कसली? बीडीएसएम हीच अक्षरं ठेवा. तसं पाहिलं तर शेवटच्या दोन अक्षरांमागे, एस आणि एममागे, दोन माणसं आहेत, साद आणि मासोख हे लेखक; ‘सॅडिझम’ आणि ‘मॅसोकिझम’ हे शब्द त्यांच्याच नावांवरून आले. त्यातल्या मासोखला स्वतःच्या आडनावाचा रोग झालेला जिवंतपणी पाहावा लागला. नावं ठेवणारे शास्त्रज्ञ फारसे विचारून ठेवत नाहीत.

राहता राहिला ‘प्रौढ’. पुण्यात खपून जाईल, बडोद्यात नाही. इथे शेजारी गुजराती, आणि गुजरातीत प्रौढ म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला. अठरा पूर्ण झालेल्याला ‘पुख्त’ म्हणतात. पंचविशीतल्या पोराला वाटेल, हे कलम साहेबलोकांसाठी आहे. मराठी कायद्याचा शब्द तयारच आहे, ‘सज्ञान’.

तर मी असं लिहीन: ‘परस्परांच्या संमतीने बीडीएसएम आचरणाऱ्या सज्ञान व्यक्तीला त्या कारणावरून नोकरी किंवा बढती नाकारू नये.’ आणि ‘नाकारू नये’च्या जागी ‘नाकारता येणार नाही’ चालत असेल तर वरिष्ठांना विचारून बघा. ‘नये’ म्हटलं की आपल्याकडे लोक जिन्यात थुंकू नये अशी पाटी आठवतात.